किळस कोणाची, कष्ट कोणाचे?

(भवानी पेठ, सोलापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

या वर्गात आजवर यंत्रमागावरील मजुरी, विड्यांचा दर, नळाचे पाणी असे विषय झाले. आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी हसू दाबले, हे माझ्या लक्षात आले. घरी वाढवलेल्या बोकडाची वजडी, मुंडी, पाय, रक्ती यांविषयी पक्षाच्या बैठकीत बोलण्यासारखे काय आहे, असे त्यांना वाटले असावे. माझे उत्तर साधे आहे. ज्या गोष्टीची कामगाराच्या मुलाला लाज वाटू लागते, ती गोष्ट राजकारणाबाहेर राहत नाही.

प्रथम माझाच कबुलीजबाब देतो. पुण्याला शिकत असताना आखाडात आईने गाववाल्याबरोबर एक डबा पाठवला. त्यात कडक भाकरी आणि वजडीचे सुके होते. बोकड घरचे होते. भाकरीचे तुकडे आणि मंडईत उरलेला पाला घालून तिने ते वर्षभर वाढवले होते. खोलीतील मित्रांनी डब्यात काय आहे म्हणून विचारले. मी ‘भाजी आहे, आंबली’ असे सांगून तो डबा वसतिगृहामागच्या उकिरड्यावर रिकामा केला. पुढे सुट्टीत आईने विचारले, ‘पुरलं का रे सगळ्यांना?’ मी ‘पुरलं’ म्हणालो. आज जे बोलणार आहे, त्याची सुरुवात त्या उकिरड्यापासून झाली आहे.

आता थोडा हिशेब पाहू. आपल्या सोलापूर, धाराशिव, लातूर भागात उस्मानाबादी जातीची काळी शेळी घरोघर असते. तिला गरिबाची गाय म्हणतात, कारण ती थोड्या जागेत, थोड्या चाऱ्यावर, दुष्काळातही तग धरते आणि पुष्कळदा जुळी करडे देते. तिचे वीस किलोचे बोकड कापले तर मटण म्हणून आपण ज्याला ओळखतो ते साधारण नऊ-दहा किलो भरते. उरलेल्या निम्म्या वजनात कातडे, मुंडी, खूर, रक्त, काळीज, फोपसा, तिल्ली, गुर्दे, आतडी आणि कोथळा येतो. कोथळ्यातील चाऱ्याचे खत होते. शेळीवाल्या बाईने वर्षभर राबून हे सर्वच वजन वाढवलेले असते. तिचा पाला काही केवळ मांडीच्या मटणात गेलेला नसतो. तेव्हा निम्मे जनावर टाकून देणे म्हणजे तिचे निम्मे कष्ट टाकून देणे होय.

हे गाव कापडाचे आहे. सुताचा वेस्ट किती गेला, याचा हिशेब मालक कसा ठेवतो हे येथे कोणाला सांगावयास नको. मागाखाली पडलेल्या धाग्यालाही बाजारात गिऱ्हाईक असते. मालकाला धाग्याची किळस येत नाही, कारण त्यात त्याला पैसा दिसतो. आपल्या घरचा माल मात्र आपण स्वतःच ‘घाण’ या नावाखाली लिहून टाकतो. ही सवय आपल्याला कोणी लावली, हा आजचा प्रश्न आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, नाहीतर उगाच गैरसमज होतील. न खाण्याची कारणे अनेक असतात. या पेठेतील लिंगायत आणि जैन कुटुंबे मांसच खात नाहीत. मुसलमान बांधव मटण खातात, पण रक्त खात नाहीत; तो त्यांच्या धर्माचा नियम आहे. कोणाला काळीज आवडत नाही, कोणाला फोपसा आवडत नाही. ती ज्याची त्याची जीभ. यांपैकी कोणाशीही आपले भांडण नाही. आपले भांडण तिसऱ्याच गोष्टीशी आहे. मांडीचे मटण चवीने खाणारा मनुष्य त्याच जनावराची वजडी खाणाऱ्याला हलका समजतो. यात धर्माचा नियम नाही आणि जिभेची आवडही नाही. ही केवळ प्रतिष्ठेची उतरंड आहे.

ही उतरंड आपल्या गावगाड्यानेच रचली. बोकड मुलाणी कापी, मटण वाड्यावर जाई. कातडे, आतडी आणि खूर यांची उस्तवार ज्यांच्या माथी मारली होती, त्यांनाच त्या कामामुळे अपवित्र ठरवले गेले. जातिव्यवस्थेची चलाखी येथे दिसते: घाणीचे काम एकाकडे ढकलायचे आणि त्यातून निघालेली पायातली वहाण, मोट, हलगी मात्र सर्वांनी वापरायची. हलगीच्या तालावर मिरवणूक नाचते, परंतु त्या हलगीचे कातडे कोणी सोलले, कोणी धुतले, कोणी ताणले, हे मिरवणुकीत कोणी विचारीत नाही.

या ठिकाणी एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या ढोरांचे मांस सोडून देण्यास आपल्या बांधवांना सांगितले. मग आज आम्ही टाकाऊ म्हणून गणलेल्या अवयवांचा गौरव करायचा काय? साथींनो, बाबासाहेबांचे सांगणे नीट समजून घ्या. मेलेले जनावर ओढणे आणि त्याचे मांस खाणे ही गावाने लादलेली सक्ती होती. त्या सक्तीतून सुटण्याचे ते आवाहन होते. स्वतः वाढवलेल्या निरोगी बोकडाचा प्रत्येक भाग स्वतःच्या मर्जीने शिजवणे ही वेगळी गोष्ट आहे. पहिल्यात दुसऱ्याचे उष्टे आहे, दुसऱ्यात स्वतःची मालकी आहे. मात्र ज्यांनी ती सक्ती भोगली, त्यांच्यापैकी कोणी उद्या म्हणाला की, मला हा वास नको, तर त्याला सांस्कृतिक वारशाचे धडे देण्याचा अधिकार आपल्याला नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ मधील पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या स्वयंपाकाची नोंद केली आहे. ज्याला त्या थाळीविषयी बोलायचे असेल त्याने आधी ते वाचावे.

आता शरीराकडे वळू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात लोह कमी पडून किंवा अन्य कारणांनी पंडुरोग आढळला. विडी वळणाऱ्या, मागावर कांड्या भरणाऱ्या आपल्या बहिणी याला अपवाद कशा असतील? काळजात आणि रक्तीत शरीराला सहज लागू पडणारे लोह असते. काळजात अ आणि ब-१२ ही जीवनसत्त्वेही भरपूर असतात. म्हणजे ज्या घरात औषधाच्या गोळ्या लागतात, त्याच घराच्या उकिरड्यावर औषध पडते. त्यातच मार्च २०१५ पासून राज्याच्या सुधारित पशुसंरक्षण कायद्याने बैलाचे मांस बंद झाले आणि गरिबाचे स्वस्त मांस आणखी आटले. अशा काळात बोकडाची मुंडी आणि वजडी हा प्रश्न चवीपुरता उरत नाही.

पण म्हणून घरातील सुनेला दोष देऊ नका. वजडी स्वच्छ करणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी किती पुरुषांनी करून पाहिले आहे? कोथळा उलटायचा, धुवायचा, कढत पाण्यात घालायचा, चुना लावून खरवडायचा आणि पुन्हा चार पाण्यांतून काढायचा. मुंडी आणि पाय जाळावर भाजायचे, केस खरडायचे. यात अर्धा दिवस आणि कितीतरी घागरी पाणी जाते. उजनीचे धरण भरूनही ज्या शहराने वर्षानुवर्षे कित्येक दिवसांआड नळाचे पाणी पाहिले, तेथील एका खोलीत राहणारी बाई ‘आमच्यात वजडी करत नाहीत’ असे म्हणते, तेव्हा तिच्या किळसेमागे रिकामी घागर असते. पुरुष मात्र पाटावर बसून सांगतात की, आईच्या हातची चव आता राहिली नाही! चव हवी असेल तर चुना हाती घ्या. ज्यांना खायला आवडते त्यांनी धुवायला बसावे, हा समाजवादाचा अगदी पहिला धडा आहे.

किळस आणि विज्ञान यांतला फरकही येथेच सांगतो. शेळ्यामेंढ्यांच्या काळजात किंवा फोपशात कधी कधी पाण्याने भरलेल्या गाठी सापडतात. त्या एका पट्टकृमीच्या असतात. असे काळीज खाऊ नये, हे खरे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते कुत्र्यापुढे टाकू नये. कुत्र्याच्या पोटात तो कृमी वाढतो, त्याच्या विष्ठेतून अंडी पसरतात आणि गल्लीत खेळणाऱ्या पोराच्या काळजात तशीच गाठ होऊ शकते. किळस करणारा मनुष्य नाक दाबून सगळेच अवयव कुत्र्यापुढे फेकतो आणि आपण फार स्वच्छ आहोत असे समजतो. जाणता मनुष्य अवयव तपासतो, चांगला शिजवतो, वाईट तो खोल पुरतो. यांपैकी स्वच्छ कोण, हे तुम्हीच ठरवा.

आणि या किळसेची किंमत भांडवली बाजार कशी बदलतो तेही पाहा. स्कॉटलंडमध्ये मेंढीचे काळीज, हृदय आणि फुप्फुसे कोथळ्यात भरून शिजवलेला हॅगिस हा राष्ट्रीय पदार्थ समजतात. लंडनमध्ये १९९४ साली निघालेले सेंट जॉन नावाचे उपाहारगृह शेपटापासून नाकापर्यंत जनावर वापरण्यासाठी नावाजले गेले. तेथे हाडातला मगज खायला पैसेवाले लोक जातात. आपल्याकडेही पाया आणि भेजा मोठ्या हॉटेलांच्या पत्रिकेवर चढले आणि त्यांचा भाव वाढला. म्हणजे गरिबाच्या ताटात होते तोवर ते ओंगळ होते. श्रीमंताच्या ताटात गेल्यावर ते चोखंदळपणाचे लक्षण झाले. तोवर गरिबाचा पोरगा ते खायला लाजू लागलेला असतो आणि त्याच्या बापाला ते विकत घेणे परवडत नाही. दोन्ही बाजूंनी आपणच लुटले गेलो.

किळस जाते कशी? भाषणाने जात नाही, हे मीही जाणतो. अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम स्वतःला मिळावे असा आग्रह धरला. १९३२ च्या डिसेंबरात त्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपोषण केले. पुढे कोकणात त्यांनी मेलेल्या जनावरांचे कातडे काढण्याचे आणि कमावण्याचे काम हाती घेतले. उच्चवर्णीय घरात जन्मलेल्या त्या माणसाची किळस हाताने गेली. गांधीवादाशी आपले मतभेद आहेत, परंतु हाताने शिकण्याचा हा धडा घेण्यास मतभेद आड येत नाहीत.

यास्तव माझ्या सूचना मोजक्या आहेत. महापालिकेने मटण बाजारांत मुबलक पाणी, कढत पाण्याची सोय, मुंडी-पाय भाजण्यासाठी धुराडे असलेली जागा आणि पशुवैद्याची तपासणी द्यावी, ही मागणी आपल्या जाहीरनाम्यात घ्यावी. घरोघर निघणारी कातडी एकेकटी विकून पदरात काही पडत नाही. ती मीठ लावून एकत्र विकण्यासाठी शेळीपालक बायांची सहकारी सोसायटी उभारता येते का, हे तपासावे. आणि पक्षाच्या आखाडी जेवणात बोकड आणले तर ते सगळे शिजावे, ते धुण्याचे काम पुरुष कार्यकर्त्यांनी करावे. न खाणाऱ्याला आग्रह होऊ नये आणि खाणाऱ्याला कोणी नाक मुरडू नये.

शेवटी त्या डब्याविषयी. आई गेली त्याला बरीच वर्षे झाली. तिला मी खरे कधीच सांगितले नाही. गेल्या आखाडात मी अंगणात बसून प्रथमच स्वतः वजडी धुतली. तीन तास लागले, पाठ मोडून आली आणि घरातले पाणी संपले. तेव्हा समजले की, वसतिगृहामागे मी एका डब्याएवढे अन्न फेकले नव्हते. आईचा अख्खा दिवस फेकला होता. तुमच्यापैकी ज्यांच्या आया अजून हयात आहेत, त्यांनी येत्या आखाडात त्यांच्याशेजारी बसून ते काम शिकून घ्यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.