त्रास कमी करता येतो



घरातलं माणूस दुर्धर आजारानं अंथरुणाला खिळतं.
डॉक्टर म्हणतात, 'आता घरी न्या.'
आपल्याला वाटतं, संपलं सगळं.
पण तसं नसतं.
आजार बरा होत नसला, तरी त्रास कमी करता येतो.

त्रास कमी करणाऱ्या या शुश्रूषेला म्हणतात, पॅलिएटिव्ह केअर.
मुंबईत वांद्र्याला १९८६ साली 'शांती आवेदना सदन' सुरू झालं.
भारतातलं हे पहिलं हॉस्पिस, म्हणजे अशा शुश्रूषेचं ठिकाण.
पण ही सेवा घरीही करता येते.

पहिली गोष्ट, वेदना.
'दुखतंय का? कुठं? किती?'
रोज विचारा.
डॉक्टरांनी दिलेलं औषध ठरल्या वेळीच द्या.
दुखणं वाढायची वाट पाहू नका.

दुसरी गोष्ट, त्वचा.
साधारण दर दोन तासांनी अलगद कूस बदला.
चादरीला सुरकुती नको.
कंबर, माकडहाड, टाचा रोज पाहा.
लाल झालेली जागा चोळू नका.
नर्सला दाखवा.

तिसरी गोष्ट, तोंड.
ओल्या, मऊ कापडानं तोंड पुसा.
ओठ कोरडे पडू देऊ नका.
शेवटी शेवटी भूक मंदावते.
बळेबळे भरवू नका.
ठसका लागतो.

आणि चौथी गोष्ट, सोबत.
जवळ बसा.
हात हातात घ्या.
त्यांना बोलावंसं वाटलं, तर नुसतं ऐका.

आणि हो, सेवा करणाऱ्यांनो,
पाळ्या लावा.
तुम्हीही झोप घ्या.

पुन्हा सांगते, श्रोतेहो.
आजार बरा होत नसला,
तरी त्रास कमी करता येतो.