शिट्टी, खूण आणि नजर
१९६६ च्या फुटबॉल विश्वचषकात लंडनच्या वेम्बली मैदानावर जर्मन पंच क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार राटिन याला बाहेर काढलं. पंचांना स्पॅनिश येईना, राटिनला जर्मन. खेळ कितीतरी वेळ खोळंबला. त्यानंतर इंग्लिश पंच केन ॲस्टन यांना पिवळ्या-लाल कार्डांची कल्पना सुचली; १९७० साली मेक्सिकोत ती अमलात आली.

पण चांगला पंच कार्डाआधीच पुष्कळ बोलतो. किरकोळ फाउलला आखूड शिट्टी, धोकादायक धडकेला लांब आणि करकरीत. तापलेल्या खेळाडूला घोळक्यातून बाजूला घेऊन हळू आवाजात समज. २००२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे इटालियन पंच कोलिना तर संघांच्या खेळाचा आधी अभ्यास करून येत. त्यांच्या रोखलेल्या नजरेमागचं खरं बळ मला त्या तयारीतच दिसतं.