पाटीवरचे वॉट आणि मीटरवरचे वॉट

आज बोलू मोठ्या इमारतीतल्या 'किरकोळ' लोडबद्दल.

आपल्या बार्शीत बघा, नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, जगदाळे मामा हॉस्पिटल आहे, बँका आहेत. अशी एखादी इमारत बांधायला काढली की एसी, लिफ्ट, पंप, दिवे यांचा हिशोब नीट होतो. मग उरतात कॉम्प्युटर, प्रिंटर, राउटर, सीसीटीव्ही, वॉटर कूलर. हे सगळं एका ओळीत जातं: 'इतर'. आणि तिथला आकडा येतो वस्तूच्या मागच्या पाटीवरून.

समजा, ६० कॉम्प्युटर आहेत. पॉवर सप्लायवर लिहिलंय ४५० वॉट. गुणाकार केला, २७ किलोवॉट. पण ४५० ही त्या डब्याची कमाल ताकद झाली. बिलिंगचं काम करणारा साधा कॉम्प्युटर मॉनिटरसकट ८० वॉट धरा. म्हणजे झाले ४.८ किलोवॉट. कुठं २७, कुठं ४.८!

बरं, गोष्ट इथंच थांबत नाही. खोलीत वापरलेली वीज शेवटी उष्णता होते आणि ती एसीला बाहेर काढावी लागते. एक टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॉट. त्यामुळं दीड टनाच्या जागी पावणेआठ टनाचा एसी बसतो. मोठा ट्रान्सफॉर्मर, मोठा जनरेटर, महावितरणकडं जास्त केव्हीएची मागणी. आणि डिमांड चार्ज तर वापर कमी झाला तरी काही किमान भरावाच लागतो, दर महिन्याला.

अमेरिकेतल्या ऍश्रे या संस्थेचं हँडबुक सांगतं की १००० वॉटच्या आतल्या ऑफिस उपकरणांची खरी उष्णता पाटीच्या २५ ते ५० टक्केच भरते. म्हणून लगेच सगळ्यालाच पाव करून टाकू नका हां! गीझर, किटली, हॉस्पिटलमधला ऑटोक्लेव्ह, म्हणजे कॉइल तापवणाऱ्या वस्तू, यांची पाटी खरं बोलते. २००० वॉटचा गीझर चालू असताना जवळपास २००० घेतोच. तिथं पाव धरलं तर नेमकं ऑपरेशनच्या दिवशी ब्रेकर पडेल. अशा वस्तूंना विचारायचं ते एवढंच की एका वेळी किती चालू असतात?

आता रात्रीचं. वर्षात ८७६० तास. ऑफिस ३०० दिवस, रोज ९ तास उघडं, म्हणजे २७०० तास. उरलेले ६०६० तास कुलूप! पण यूपीएस, डीव्हीआर, कूलर, झोपलेले मॉनिटर चालूच. हा लोड ३ किलोवॉट असला तरी वर्षाला १८,१८० युनिट जातात. आपल्या ईसीबीसी संहितेत दिव्यांना चौरस मीटरमागे वॉटची मर्यादा आहे, या वस्तूंना तशी नाही. म्हणून इकडं कुणाचं लक्षच जात नाही.

जुनी इमारत असेल तर मोजणं सोपंय. रात्री बंद करताना मीटरचा मोबाईलवर फोटो काढा, सकाळी उघडायच्या आधी दुसरा. फरक भागिले तास. पण बिलावर 'गुणक' बघा! मोठ्या कनेक्शनला सीटी मीटर असतो. गुणक २० असेल आणि दहा तासांत फरक १.५ आला, तर ३० युनिट गेले, म्हणजे रात्रीचा लोड ३ किलोवॉट.

नवी इमारत असेल तर तसंच काम चालणाऱ्या जुन्या इमारतीत जा, वॉटमीटर लावून आठवडाभर मोजा. दोन-तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक कूलर एवढं पुरे. हजार-दीड हजाराच्या आसपास मिळतो. कॉन्ट्रॅक्टर म्हणेल, "जास्त धरलेलं बरं असतं साहेब." त्याला विचारा, जास्तीचा डिमांड चार्ज कोण भरणार?

पुढच्या भागात यूपीएस. तोवर आपल्या इमारतीचे दोन फोटो काढून ठेवा.