जोर : आखाड्यातला आणि घरातला

(एका व्यायामशाळेच्या वार्षिक कार्यक्रमात पालकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



बैठका आपण मारतो. जोर मात्र काढतो. तालमीने या व्यायामाला थेट शक्तीचेच नाव दिले. आज ज्याला पुश-अप म्हणतात, त्यात देह डोक्यापासून टाचांपर्यंत फळीसारखा ताठ असतो. जोरात कंबर प्रथम उंच, मग छाती जमिनीलगत पुढे सरकून वर उठते आणि देह पुन्हा मागे येतो. त्यामुळे हातांबरोबर पाठीच्या कण्यालाही व्यायाम घडतो. ज्या भाषेत मुजुमदारांनी बडोद्याहून व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले, त्या भाषेतल्या घरांत हा भेद आज सांगावा लागतो, हे खेदाचेच!

परंतु माझे खरे बोलणे आहे ते मुलांना येथे पोहोचवून बाहेर बाकावर बसणाऱ्या आपणा सर्वांशी. ‘आता या वयात जोर कुठले?’ असे आपण म्हणता. थोडे गणित पाहा. साध्या पुश-अपमध्ये हातांवर देहभाराच्या सुमारे ६४ टक्के भार येतो. सत्तर किलोच्या गृहस्थाला तो ४५ किलो होतो. तेच हात दोन फूट उंच, भक्कम ओट्यावर टेकवले, तर भार ४१ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २९ किलोवर येतो. भिंतीला टेकून केले तर त्याहूनही कमी. आरंभ तेथून करावा. भगिनींनीही करावा, पडताना सावरायला आणि पडल्यावर उठायला हातच कामी येतात.

अमेरिकेतील १,१०४ अग्निशामक पुरुषांची दहा वर्षांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. चाळीसहून अधिक पुश-अप काढणाऱ्यांत हृदयविकाराच्या घटना, दहाही न काढू शकणाऱ्यांपेक्षा फारच कमी आढळल्या. मात्र ते सारे सेवेतले, हालचालीची सवय असलेले पुरुष होते. म्हणून चाळीस या आकड्याचे व्रत कोणी घेऊ नये. तंदुरुस्ती असते म्हणून जोर निघतात. केवळ आकडा गाठल्याने हृदय सुरक्षित होत नाही.

आकड्यांच्या ईर्षेनेच तरुणांचे खांदे दुखावतात. ओट्यावर वा जमिनीवर पुश-अप काढताना कंबर खाली झोळली, की त्या दिवसाची संख्या संपली असे समजावे. श्वास कोंडू नये. रक्तदाबाचा विकार असणाऱ्यांनी वैद्यांना विचारूनच आरंभ करावा. मनगट दुखत असेल तर लाकडी ठोकळे धरावेत. ते या शाळेच्या कपाटात आहेत; आज जाताना हातात घेऊन पाहा.