शेतकऱ्याच्या बायकोचे लेणे



माझी थोरली कॉलेजात इतिहास शिकते. लेणी पाहण्याची सहल निघाली तेव्हा शेजारच्या काकी म्हणाल्या, "लग्नाच्या वयाची पोर, दगड बघत काय हिंडायची?" घरातही तोच सूर. मी म्हटले, जाऊ दे.

कार्ले, भाजे, बेडसे तिने पाहिले. शेलारवाडीचा घोराडेश्वर राहिला होता, तिथे तिच्याबरोबर मीही चढले. महाशिवरात्रीला आपण जातो, बेल वाहतो आणि उतरतो. भिंतीकडे कोण पाहतो? तिथल्या एका लेण्यात ब्राह्मी अक्षरांत लेख आहे, दीड हजार वर्षांहून जुना. धेनुकाकटात राहणाऱ्या उसभणक नावाच्या नांगरकऱ्याच्या बायकोने, सिआगुतणिकेने, मुलगा नंद याच्यासह हे लेणे दान दिले, असे त्यात आहे.

राणी नव्हे हो, शेतकरीण! बेडशाला पाण्याच्या टाक्यापाशी सामडिनिका या महारठिणीचे नाव आहे, पण ती मोठ्या घरची. कार्ल्याच्या खांबांवर यवनांचीही नावे आहेत. मला मात्र ही आपली नांगरकरीणच जवळची वाटली. आमच्या सातबाऱ्यावर अजून माझे नाव नाही. तुमच्यापैकी कितीजणींचे आहे? त्या रात्री मी घरात हा विषय काढला. उत्तर आले नाही, पण मी सोडलेलाही नाही.

लेकीच्या अजिंठ्याच्या सहलीला मी होकार दिला आहे. येत्या महाशिवरात्रीला ती आपल्याला ती अक्षरे वाचून दाखवणार आहे. सकाळी लवकर निघू. चढ बराच आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी.