हाक मारताच येणारा कुत्रा
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आज मी कुत्र्याविषयी बोलणार हे कळताच काहींनी तोंडाला पदर लावला. साहजिकच आहे. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, ही म्हण ऐकत आपण वाढलो. परंतु शेपूट सरळ करावयाचे कशाला? कुत्रा शहाणा झाला म्हणजे पुरे.

आपापल्या क्षेत्रात पहिले पाऊल टाकणाऱ्या ११२ स्त्रियांचा २०१८ च्या जानेवारीत राष्ट्रपती भवनात गौरव झाला. त्यांत मुंबईच्या शिरीन मर्चंट ह्या श्वानशिक्षिका होत्या. इंग्लंडच्या जॉन रॉजरसन ह्यांच्याकडे त्या ही विद्या शिकल्या आणि कुत्र्यांविषयी ‘वूफ’ नावाचे नियतकालिकही त्यांनी चालविले. साखळीला हिसका आणि पाठीत रट्टा, एवढ्यालाच आपल्याकडे शिकविणे म्हणत. ह्या बाईंनी दुसरी वाट धरली: कुत्र्याने बरोबर केले की त्याच क्षणी त्याला त्याच्या आवडीचे काही तरी द्यावयाचे.

त्याच क्षणी, हे महत्त्वाचे. कुत्रा बसला, आपण आत जाऊन डबा उघडला आणि तुकडा आणला, तोवर तो उठून शेपूट हलवीत असतो. मग त्याला वाटते, बक्षीस उठण्याचेच!

आता आपल्या घरचा प्रकार पाहा. मोती अंगणाबाहेर पळाला. आपण दहा हाका मारतो. अकराव्या हाकेला तो येतो, आणि आपण चिडून पाठीत काठी घालतो. तो पळाला म्हणून मारले, असे आपल्याला वाटते. मोती मात्र शिकतो की, आले की मार बसतो. उद्या तो विसाव्या हाकेलाही येणार नाही.

मुंबईकरांना हे चालून जाईल. आपले तसे नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत रान उंबरठ्याला लागलेले, आणि बिबट्याला कुत्रा आवडतो. अहमदनगर जिल्ह्यातील (आताचे अहिल्यानगर) अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याचा आहार तपासला, तेव्हा त्याच्या खाण्यातील सुमारे ३९ टक्के वजन कुत्र्यांचे निघाले. दिवेलागणीला एका हाकेत आत येणारा कुत्रा वाचतो. बाहेर साखळीला बांधलेला म्हणजे बिबट्यापुढे वाढलेले पान, आणि ते पान आपल्या लेकरांच्या खाटेपासून चार हातांवर.

तेव्हा सुरुवात घरातच करा. दोन पावलांवरून, मऊ आवाजात, एकदाच हाक मारा. आला की भाकरीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आणि शाबासकी द्या. मग ओसरीवरून, मग अंगणातून. रोज पाच मिनिटे पुरतात. हाक मारून कधी रागवायचे नाही, औषधही पाजावयाचे नाही. त्यासाठी आपणच उठून त्याच्याकडे जावे.

“लाडाने कुत्रा डोक्यावर बसतो,” असे आमच्या शेजारच्या काकू म्हणतात. त्यांना मी वनखात्याच्या कुत्र्यांचे सांगते. वाघ-बिबट्यांची कातडी आणि हाडे हुडकणारे कुत्रे तयार करण्याचे काम ‘ट्रॅफिक’ ह्या संस्थेने २००८ साली हाती घेतले. भोपाळला आणि पुढे पंचकुलाला त्यांच्या तुकड्या शिकल्या. प्रत्येक कुत्र्यामागे दोन माणसे नेमलेली असतात. वास सापडला की आवडता चेंडू मिळतो, आणि त्या चेंडूसाठी हे जनावर सामानाचे ढीग हुंगत फिरते. शिकाऱ्यांना तुरुंगात धाडणाऱ्या कुत्र्याला कोणी लाडावलेला म्हणेल काय?

गुरगुरण्याबद्दलही मारू नये. गुरगुरणे ही त्याची ताकीद असते. ती मारून बंद केली तर तो ताकीद न देताच चावेल, आणि बहुधा घरातल्या लहान पोराला. का गुरगुरला ते पाहावे. ताटलीशी किंवा पिलांशी मूल गेले असेल तर आधी मुलाला बाजूला घ्यावे. चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. हळद-चुना भरत बसू नये.

बक्षीस म्हणून कांदा, मनुका वा चॉकलेट मात्र देऊ नका. ती कुत्र्याला बाधतात. साधी भाकरी चालते. म्हातारा कुत्राही शिकतो, थोडे दिवस जास्त लागतात एवढेच.