एका अपराधासाठी एकदाच शिक्षा



पोलीसदल, कारागृहे आणि खजिना हे राज्यसंस्थेचे बळ असते. आरोपीस आधार असतो तो कायद्याचा. एकच आरोप पुनःपुन्हा न्यायासनापुढे आणता आला असता, तर निर्दोष ठरलेल्या माणसासही स्वस्थता लाभली नसती. म्हणूनच एका अपराधासाठी कोणावरही एकाहून अधिक वेळा खटला चालवून शिक्षा करता येणार नाही, असे संविधानाचा अनुच्छेद २०(२) सांगतो.

या संरक्षणाची मर्यादा मुंबईतीलच एका प्रकरणात स्पष्ट झाली. १९४९ साली मकबूल हुसेन यांच्याजवळ सांताक्रूझ विमानतळावर सोने सापडले. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ते जप्त केले. पुढे परकीय चलनविषयक कायद्याखाली त्यांच्यावर खटला भरण्यात आला, तेव्हा शिक्षा एकदा झालीच आहे, असा युक्तिवाद त्यांनी केला. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली तो अमान्य केला. सीमाशुल्क अधिकारी हे न्यायालय नव्हे, तेव्हा पूर्वीची कारवाई म्हणजे खटला नव्हे, असा निर्णय झाला. १९५४ च्या वेंकटरामन प्रकरणात हेच तत्त्व शासकीय सेवकाच्या खातेनिहाय चौकशीसही लागू झाले. अपहाराबद्दल कर्मचारी बडतर्फ झाला, तरी त्यामुळे फौजदारी खटल्याचा मार्ग बंद होत नाही.

संविधानातील हे संरक्षण शिक्षा झालेल्यापुरते आहे. दोषमुक्त झालेल्यासही ते देण्याचे कार्य १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०० ने केले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३७ ने घेतली आहे. मात्र पहिला निर्णय सक्षम न्यायालयाचा आणि अंमलात असलेला हवा. दोषारोप ठेवण्यापूर्वीच आरोपीस सोडून दिले, तर ती दोषमुक्ती ठरत नाही. अपील हाही नवा खटला नव्हे.

पंचायत सदस्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. तडजोडयोग्य अपराधात कायद्यानुसार तडजोड झाली, तर तिचा परिणाम दोषमुक्तीसारखाच होतो. चावडीवर केवळ कागदावर लिहिलेला समेट मात्र न्यायालयाच्या निर्णयाची जागा घेऊ शकत नाही.

या नियमामुळे शासनयंत्रणेची जबाबदारी वाढते. संधी एकच असल्याने पहिला पंचनामा, पहिला जबाब आणि पहिले दोषारोपपत्र काटेकोर असले पाहिजे. ढिलाईने केलेल्या तपासामुळे अपराधी सुटला, तर नव्याने खटला भरून ती चूक दुरुस्त करता येत नाही. नागरिकाचे स्वातंत्र्य आणि पीडिताचा न्याय ही दोन्ही त्या पहिल्याच कागदांवर अवलंबून असतात.